जर्मनीत मी काय बोलले

शरणपूर, नाशिक
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुवार्ता,

आपल्या रीतीप्रमाणे वर ‘ख्रिस्तात सलाम’ लिहायला हवं. लिहिलं होतं, मग खोडलं, मग कागदच बदलला. हा चौथा कागद.

तू कळवणला प्राथमिक शाळेत शिकवतेस आणि आई तुझ्याजवळच असते, हे तिकडच्या पाळकांकडून कळलं. ते तुझा फोन नंबरही देत होते, पण मी शाळेचा पत्ता तेवढा घेतला. फोनवर तू ‘कोण?’ म्हणाली असतीस आणि मला नाव सांगावं लागलं असतं.

लिहायला कारण झालंय. आपल्या गायन मंडळाला पन्नास वर्षं होतायत. एक डिसेंबरला चर्चमध्ये मोठा कार्यक्रम आहे, स्मरणिका निघणार आहे. सध्या मंडळाचा सेक्रेटरी शेखर म्हणून आहे. तुझ्या वेळी तो रविवारच्या शाळेत असेल. तो म्हणाला, छायाताई, सत्त्याण्णवच्या जर्मनीच्या दौऱ्यावर तुम्हीच लिहा, तुम्ही दुभाषी होतात, तुम्हाला सगळं आठवत असेल. दोन पानं, गोड आठवणी.

मी ‘हो’ म्हणाले आणि रोज शाळेतून आल्यावर लिहायला बसते. गोड आठवणी भरपूर आहेत. मुंबईला विमानतळावर टाळांची पिशवी उघडायला लावली आणि त्या अधिकाऱ्याने टाळ वाजवून बघितले, ते लिहिलं. आपण नऊ जणं एका गाडीत, आपल्या सगळ्या बायकांना एकसारख्या जांभळ्या साड्या, आणि प्रत्येक गावात कोणीतरी आपल्या साडीला हात लावून बघायचं. त्या शिक्षिकेच्या घरी तू गुपचूप इलेक्ट्रिक किटलीत खिचडी लावलीस, धुराची घंटा वाजली आणि शेजारचा म्हातारा पायजम्यावर धावत आला, तेही लिहिलं. सरकत्या जिन्यापुढे तू अर्धा तास उभी राहिलीस, माझा दंड धरून. शेवटी डोळे मिटून पाय टाकलास. तुझ्या नखांचे वण दोन दिवस माझ्या दंडावर होते.

एवढं झालं की पेन थांबतं. उठते, भांडी घासते, घासलेली पुन्हा घासते. परत बसते.

त्या शेवटच्या आठवड्याबद्दल लेखात काही घेणार नाही. घेऊन उपयोग काय? मंडळाच्या वतीने अमोलिक सर मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत सांगायचे, मग तिथले पाळक ते जर्मनमध्ये सांगायचे. एक वाक्य तीन भाषांतून जातं तेव्हा वाटेत कुठे वाकतं कोणी बघितलंय? ‘वसतिगृह’ या शब्दाचं त्यांनी काय केलं असेल, काही सांगता येत नाही.

सर आजारी आहेत. ऐंशी झाले. ओझरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून घरीच असतात, आता दम लागतो, ऑक्सिजनचं यंत्र जवळ असतं. तुझं नाव काढतात. कार्यक्रमाला आलीस तर त्यांना बरं वाटेल.

छाया

&nbsp;

मंगळवार, १५ ऑक्टोबर

सुवार्ता,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. पण पोस्टमन गल्लीत दिसला की मी गॅलरीत जाते. सहामाहीच्या पेपरात एका मुलीला पन्नासपैकी बावन्न गुण दिले. मुख्याध्यापिकांनी हसून पेपर परत केला. मला हसू आलं नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. जर्मन पाळकांनी काही वाकवलं नव्हतं.

आता जसं झालं तसं लिहिते. रोज संध्याकाळी तुझ्या गाण्याआधी सर तुझी ओळख करून द्यायचे. तू मागे उभी असायचीस, पदर सारखा करत. सर म्हणायचे, “ही सुवार्ता. घोटीची. वडील भाताच्या गिरणीत हमाली करतात, आई दुसऱ्यांच्या शेतात भात लावते. नऊ वर्षांची असताना आमच्या वसतिगृहात शिकायला आली, तेव्हापासून गाते.” तुझं नाव आलं की तू थोडी हसायचीस, आईचं आलं की जास्त.

पहिल्या गावात मी हेच नीट इंग्रजीत सांगितलं. लोकांनी ऐकलं, तू गायलीस, त्यांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमानंतर तिथल्या पाळकांनी मला विचारलं, वसतिगृह म्हणजे अनाथ मुलांचंच ना? मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. मी मान डोलावली. इकडून तिकडे अशी डोलावली की तिचा काहीही अर्थ निघावा, आणि त्यांनी त्यांना हवा तो घेतला.

दुसऱ्या गावात सरांची ती सगळी वाक्यं ऐकून मी इंग्रजीत म्हणाले, ही मुलगी अनाथ आहे, हिचे आईवडील वारले, गाण्याशिवाय हिचं जगात कोणी नाही. ‘शी हॅज नोबडी.’ एवढं सोपं वाक्य. पुढच्या बाकावरच्या बाईने तोंडावर हात धरला. पाळकांनी ते जर्मनमध्ये सांगितल्यावर मागच्या रांगेपर्यंत माणसं हलली. तू गायलीस तेव्हा चर्च रडत होतं.

त्यानंतर रोज. पाच आठवडे, एकवीस गावं. मी मोजलेत.

तू दुसऱ्या दिवशी गाडीत विचारायचीस, “छायाताई, काल एवढे का रडले गं? त्यांना तर शब्दही कळत नाहीत.” मी म्हणायचे, तुझा आवाजच तसा आहे. तू खिडकीकडे तोंड करायचीस, पण तुझा कान लाल झालेला मला दिसायचा. तू एकोणीसची होतीस. मी चोवीसची, बी.ए. झालेली, इंग्रजी घेऊन. इंग्रजी कळणारी मंडळात मी एकटीच, असं मी धरून चालले होते.

निघताना तुझ्या आईने, गोजराबाईंनी, आपल्या दोघींसाठी म्हणून जो पोह्यांचा चिवडा दिला होता, तो आपण महिनाभर पुरवून खाल्ला. ज्या बाईचा चिवडा दुपारी खायचे, तिला मी संध्याकाळी मारायचे.

मग शेवटच्या आठवड्यात त्या गावात मिरजेच्या नर्सबाई भेटल्या, तिकडच्या हॉस्पिटलात नोकरीला होत्या, आणि सरांचं मराठी संपल्यावर चर्चमध्ये आल्या होत्या. कार्यक्रमानंतर त्यांनी तुझे हात धरले आणि चक्क मराठीत म्हणाल्या, आईबापाविना वाढलीस गं पोरी, तरी असं गातेस. तू हसलीस. म्हणालीस, माझी आई आहे की, घोटीला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

चर्चच्या खालच्या स्वयंपाकघरात आपल्यासाठी सूप ठेवलं होतं. सगळे बसले होते. तू मला विचारलंस, आणि मी म्हणाले, सरांनी सांगितलं होतं तसं बोलायला.

तुला तो क्षण आठवत असेल तर मला कसा आठवत असेल बघ. सरांच्या हातात पावाचा तुकडा होता. त्यांनी तो ताटलीत ठेवला. माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मग तुझ्याकडे वळून म्हणाले, “हो. मीच सांगितलं होतं.”

सर तसं म्हणाले म्हणून तू मानलंस. त्यांनी मला तसं काहीही सांगितलेलं नव्हतं, सुवार्ता. कधीच नाही. ते वाक्य माझं होतं.

पत्र पाकिटात घालण्याआधी पुन्हा वाचणार नाही. वाचलं तर पाठवणार नाही.

छाया

&nbsp;

गुरुवार, २४ ऑक्टोबर

सुवार्ता,

आज मी तुझ्या घरी येऊन गेले. आईने सांगितलं असेलच.

शाळेत खोटं सांगून रजा काढली. सीबीएस स्टँडवरून सकाळची कळवण गाडी धरली. वणीपर्यंत मनात जुळवत होते की तुझ्यासमोर पहिलं काय बोलायचं. वणी गेल्यावर जुळवलेलं सगळं विसरले. तुझ्या शाळेसमोर रिक्षा थांबवली. आत पाढे चालले होते. मी उतरले नाही, रिक्षावाल्याला तुझ्या घराचा पत्ता विचारायला लावला. शाळेत तुझी मुलं असणार, त्यांच्यासमोर नको, असं मनाशी म्हणाले. खरं तर भीती वाटली.

गोजराबाई ओट्यावर वाल सोलत होत्या. केस पांढरे, बाकी तशाच. मला ओळखलं. म्हणाल्या, “छाया ना तू? किती वाळली गं.” मला आत बसवलं. पाणी दिलं, चहा टाकला, भाकरी खा म्हणाल्या. मी चहाच घेतला. भिंतीवर तुझ्या वडिलांचा, नाथाबाबांचा फोटो बघितला आणि तिकडे पाठ होईल अशी खुर्ची सरकवली.

मग त्यांनी सरळ विचारलं. “तुमच्या दोघींत काय झालं गं? ती सांगत नाय. परदेशातून आली ती गाणं टाकूनच आली. मी म्हनलं, तिकडं कुनी काय बोललं का? तर नाय म्हने. बाप गेला तवा तू आली व्हती, तवा तुला दारातूनच लावलं. मला लय वाईट वाटलं व्हतं.”

म्हणजे सत्तावीस वर्षांत तू त्यांना सांगितलं नाहीस. का, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. ‘तिकडे रोज तू मेलीस असं सांगत होते’ हे कुठली मुलगी आईला सांगेल?

मला गप्प राहता आलं असतं. तू राखलेलं मी का मोडावं, असंही मनात आलं. पण त्या वाल सोलता सोलता थांबल्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत. मी सांगितलं. सरांचं नाव न घेता, भाषांतराचं नाव न घेता. मावशी, मी तिकडे लोकांना सांगितलं की सुवार्ताला आई नाही.

त्यांना आधी समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

“मंग लोकं रडले?” त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, हो.

“माझ्यासाठी?”

“हो.”

त्या थोडं हसल्या, खरंच. म्हणाल्या, “इथं कुनी नसतं रडलं एवढं.” मग हसू गेलं. त्यांनी फोटोकडे बघितलं. “आन् ह्यांचं? ह्यांचंबी सांगितलं व्हतं का तसंच?”

मी मान खाली घातली.

आपण परत आल्यावर तीन महिन्यांनी, फेब्रुवारीत, नाथाबाबा काविळीने गेले. नऊ दिवसांत. मी घोटीला आले तेव्हा दारात तू मला म्हणालीस, “तुझ्या तोंडचं खरं झालं. आता जा.” सर माझ्यामागे उभे होते, मातीच्या वेळी गायला आले होते. त्यांनाही तू आत घेतलं नाहीस. ते रस्त्यावर थांबले आणि अंत्ययात्रा निघाल्यावर शेवटून चालत गेले. गायले नाहीत. तुझ्या घरच्या दुःखात सरांना रस्त्यावर उभं केलं ते माझ्या त्या एका वाक्याने, आणि मी तेव्हाही तोंड उघडलं नाही.

गोजराबाईंनी टोपली बाजूला सारली. वाल तसेच राहिले. मग म्हणाल्या, “काविळीनं गेले ते. तू बोलली म्हनून नाय गेले. तिला मी सांगन.” जरा थांबून म्हणाल्या, “पन तू वाईट केलं, छाया.” आवाज चढवला नाही. असं तर भाजीत मीठ जास्त झालं तरी सांगतात. मला ते अजून ऐकू येतंय.

त्या म्हणाल्या, थांब, ती साडेपाचला येते. पावणेपाच झाले होते. मी पाच मिनिटं बसले, मग गाडी चुकेल म्हणून उठले. गाड्या रात्री आठपर्यंत होत्या.

छाया

&nbsp;

रविवार, १० नोव्हेंबर

सुवार्ता,

दिवाळीच्या सुट्टीत घर आवरायला काढलं. कपाटं रिकामी केली आणि तशीच ठेवली. आठ दिवस पलंगावर साड्यांचे ढीग होते, मी चटईवर झोपत होते. काल सगळं कोंबून टाकलं आणि अमोलिक सरांकडे गेले.

सत्तावीस वर्षं मी त्यांच्याकडे जातेच आहे. नाताळला, ईस्टरला, त्यांच्या वाढदिवसाला. डबा घेऊन, फळं घेऊन. मंडळाच्या लोकांना वाटतं, छाया सरांना किती धरून आहे. दौऱ्याहून आल्यावर महिन्याभरात त्यांनी मंडळ सोडलं. लोकांनी कारण विचारलं तर म्हणाले, माझ्याकडून चूक झाली. काय चूक, हे कोणी मला विचारलं की मी विषय बदलायचे. आणि दर नाताळला केक घेऊन जायचे.

अमोलिक काकूंनी दार उघडलं आणि आत चहा करायला गेल्या. सर खुर्चीत होते, नाकाला नळी. मी म्हणाले, सर, जर्मनीतलं ते मी माझ्या मनाने बोलले होते, आणि तुमच्यावर टाकलं. एवढं बोलायला मला इतकी वर्षं लागली आणि बोलायला अर्धं मिनिट लागलं.

ते थांबून थांबून बोलतात आता. म्हणाले, “मला तिसऱ्या गावातच कळलं होतं.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांचं इंग्रजी कच्चं, म्हणून तर दुभाषी लागला. ते म्हणाले, कारखान्यात तीस वर्षं इंग्रजी ड्रॉइंग वाचली, ऑर्फन शब्द कळायला कितीसं इंग्रजी लागतं? मी विचारलं, मग तुम्ही मला थांबवलं का नाही?

“लोक ऐकत होते,” ते म्हणाले. “त्याआधी नुसते बघत होते. आपल्या साड्या बघत होते, तबला बघत होते. तू ते बोललीस आणि ऐकायला लागले. मी रोज ठरवायचो, आज छायाला सांगायचं. रोज वाटायचं, आजच्या दिवस जाऊ दे.” मग नाकाची नळी सारखी केली. “म्हणून मी ‘हो’ म्हणालो. तुला वाचवायला नव्हे. ते खरंच होतं.”

मी त्यांना म्हणाले की हे मी सुवार्ताला लिहितेय, पण तुमचं हे नाही लिहिणार.

ते म्हणाले, “तेही लिही.”

म्हणून लिहिलं. आता तू त्यांना माफ करावंस की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी तुला सरांना निर्दोष करून परत द्यायला निघाले होते. तसे ते निघाले नाहीत. पण त्यांनी आयुष्यभर जी शिक्षा घेतली त्यातली मोठी वाटणी माझी होती, एवढं मात्र खरं.

चहा झाल्यावर त्यांनी एक विचारलं, जे तू कधी विचारलं नाहीस, कारण तू तोंडच वळवलंस. त्यांनी विचारलं, “पण तुला का वाटलं गं, तसं बोलावंसं?”

मी म्हणाले, मंडळाचं नाव व्हावं म्हणून. ते बघत राहिले. शिकवताना कोणी बेसूर लावलं की बघायचे तसे. मग मी खरं सांगितलं. तुलाही सांगते.

मी लहानपणापासून मंडळात होते. माझे वडील पाळक, घरात गाणं, मला शिकवणी. तू नऊ वर्षांची घोटीहून आलीस, पायात चप्पल नव्हती, आणि पहिल्या रविवारी गायलीस. त्या दिवसानंतर मला कोणी एकटीला गायला उभं केलं नाही. मी तुला वेणी घालायला शिकवलं, तुझी फी भरायच्या रांगेत उभी राहिले, तुझ्या पाळीच्या वेळी तुझ्याजवळ बसले. हे सगळं मी मनापासून केलं, आणि ते दुसरंही मनात होतंच. जर्मनीत मी दुभाषी म्हणून गेले, गायिका म्हणून नाही. दुसऱ्या गावात ते वाक्य बोलले आणि तू तोंड उघडण्याआधी लोक रडायला लागले. तुझं गाणं सुरू व्हायच्या आधी. ते रडणं माझं होतं. रोज संध्याकाळी ते मला पाहिजे असायचं.

तुझ्या आवाजाने लोक रडतात असं मी तुला गाडीत सांगायचे आणि मनात म्हणायचे, नाही गं, माझ्याने रडतात. आणि मग तुला ते खरं कळलं तेव्हा तुला वाटलं असेल की तुझ्या आवाजात काही नव्हतंच, लोक खोट्याला रडले. म्हणून तू गाणं टाकलंस का? बापाच्या मरणामुळे नाही, त्यामुळे?

पहिल्या गावातला एक म्हातारा मला आठवतो. तेव्हा मी अजून खोटं बोलले नव्हते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तो वाजवत नव्हता. टोपी दोन्ही हातांत धरून बसला होता आणि त्याचे डोळे वाहत होते. त्याला तुझ्याबद्दल काहीही वाईट सांगितलेलं नव्हतं. तुला आई आहे, वडील आहेत, एवढंच त्याला माहीत होतं. मी हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

छाया

&nbsp;

सोमवार, २ डिसेंबर

सुवार्ता,

काल कार्यक्रम झाला. तू आली नाहीस. आता जे लिहितेय ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

स्मरणिकेत माझा लेख आहे. टाळांची पिशवी आहे, खिचडी आहे. बाकीची दीड पानं नाहीत. मी शेखरला सगळं लिहून दिलं होतं. त्याने वाचलं, दोन दिवस फोन उचलला नाही, मग घरी येऊन म्हणाला, ताई, पन्नास वर्षांच्या आनंदात हे नको, पाहुणे येणार आहेत. तो वाईट मुलगा नाही. मी त्याच्याशी भांडले नाही, पण त्याला म्हणाले, मग लेखच नको घेऊस. त्याने अर्धं पान घेतलं.

पाहुणे म्हणजे जर्मनीहून दोघं. एक तरुण पाळक आणि हेल्गा नावाच्या बाई, पंचाहत्तरीच्या. त्यांच्यासाठी दुभाषी कोण? छायाताई. मी नाही म्हणायला निघाले होते. मग गेले.

कार्यक्रमाच्या मध्ये दोन शब्द बोलायला हेल्गाबाईंना बोलावलं. मी शेजारी उभी राहिले. त्या इंग्रजीत बोलल्या, सावकाश, माझ्यासाठी थांबत. म्हणाल्या, सत्तावीस वर्षांपूर्वी तुमचं मंडळ आमच्या गावात आलं होतं. त्यात एक मुलगी होती, तिला आईवडील नव्हते. तिचं गाणं मी विसरले नाही. तेव्हापासून दर रविवारी मी तिच्यासाठी प्रार्थना करते. ती मुलगी आज इथे आहे का? आणि त्या माझ्याकडे बघून थांबल्या, मी मराठीत सांगावं म्हणून.

चर्च भरलेलं होतं. अमोलिक सरांना घरून आणता आलं नव्हतं, पण काकू दुसऱ्या रांगेत होत्या.

मी त्यांचं वाक्य मराठीत सांगितलं, शब्दाला शब्द. मग माईक तसाच धरून त्यांना इंग्रजीत सांगितलं की त्या मुलीचे आईवडील तेव्हा जिवंत होते. सरांनी ते रोज खरं सांगितलं. मी ते खोटं करून तुम्हाला सांगितलं. मग तेच मराठीत सांगितलं, सगळ्यांना. आवाज थरथरला नाही. मला वाटलं होतं थरथरेल.

मागे लहान मूल रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. हेल्गाबाईंच्या चेहऱ्यावर राग आला, तो मी बघितला, आणि तो जायची वाट बघितली नाही. त्या मला म्हणाल्या, “तिच्या आईचं नाव काय?”

मी सांगितलं. त्यांना ते उच्चारता येईना. तीनदा म्हणाल्या, गोज, गोजरा, गोजराबाई. मग म्हणाल्या, आता मी दोघींसाठी करीन. आणि माझा हात न धरता, स्वतःच्या स्वतः, पायऱ्या उतरून जागेवर जाऊन बसल्या.

शेखरने लगेच पुढचं गाणं सुरू केलं. जेवणाच्या वेळी माझ्या टेबलावर फारसं कोणी बसलं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई बसली, तिने मला वाढलं. आज शाळेतही दोघी-तिघींनी मान फिरवली. ठीक आहे. त्यांना कळायलाच हवं होतं.

आता दुसरं. जेवण झाल्यावर काकूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, शनिवारी सुवार्ता घरी आली होती, आईला घेऊन.

मी पायऱ्यांवरच बसले.

त्या म्हणाल्या, आल्या आल्या आईच बोलल्या आधी, सरांना म्हणाल्या, मी हाय जित्ती, बघून घ्या. सर हसले, आणि हसताना त्यांना खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर रडले. तू त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलीस. काय बोललात ते काकूंनी ऐकलं नाही, त्या गोजराबाईंना घेऊन आत गेल्या होत्या. तासाभराने बाहेरून गाणं ऐकू आलं म्हणाल्या. तू गात होतीस. सुरुवातीला आवाज लागत नव्हता, तू खाकरत होतीस, सर बोटाने खुर्चीच्या हातावर ताल देत होते. दुसऱ्या कडव्यापासून लागला. काकू म्हणाल्या, खालचा सूर अजून तस्साच आहे गं.

कुठलं गाणं, ते त्या सांगत होत्या. मी म्हणाले, नका सांगू. ते तुझं आणि सरांचं आहे. मी ते ऐकलं की माझ्या डोक्यात त्याचं लगेच भाषांतर सुरू होईल.

निघताना काकूंनी तुला विचारलं म्हणे, छाया इथेच शरणपूरला राहते, पाच मिनिटांवर, बोलावू का? मी शनिवारी दुपारी घरीच होते. पडदे धूत होते. बोलावलं असतं तर ओल्या हातांनी आले असते.

काकू म्हणाल्या, तू जरा विचार केलास. मग म्हणालीस, “आज नको.”

मी काकूंना दोनदा विचारलं, नक्की काय म्हणाली? नुसतं ‘नको’ म्हणाली का? त्यांना वाटलं माझं डोकं फिरलंय. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, अगं, ‘आज नको’ म्हणाली.

मी आता पत्र लिहिणार नाही. पोस्टमन दिसला तर गॅलरीत जाणार नाही, असंही लिहिणार होते, पण ते खोटं होईल.

छाया